नर्मदाबाईंच्या वेलावरचा दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. पुन्हा सांगतो, दिवा. बदक नाही, हुक्का नाही, गोसाव्याचा तुंबा नाही, आणि कोंबडीनं अंडी घालायची जागा तर मुळीच नाही. हे सगळं मला कधी ना कधी म्हटलं गेलेलं आहे, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो. तुमच्यातलं कुणीतरी आता हात वर करून म्हणणार, "पण तू तर भोपळ्यासारखा दिसतोस." दिसतो, कारण मी भोपळाच होतो. तुम्हीसुद्धा एकेकाळी रांगत होतात. म्हणून आज तुम्हाला कुणी पाळण्यात घालतं का?

माझं गाव कनेरगाव नाक्यापासून थोडं आत, हळदीच्या वावरांमध्ये. तिथं संतराम आणि नर्मदाबाई यांचं घर आहे. त्यांचा मुलगा हरीश नाक्यावर ढाबा चालवतो आणि सून मंजुषा घर नि वावर दोन्ही बघते. घरामागं गुरांचा गोठा, गोठ्यावर पत्रे, आणि पत्र्यांवर नर्मदाबाईंचा दुध्या भोपळ्याचा वेल. हा वेल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांचं माहेर वारंगा फाट्याजवळचं. लग्नात त्या तिथून भांडी घेऊन आल्या, लुगडी घेऊन आल्या आणि ओच्यात बांधून थोड्या बिया घेऊन आल्या. भांड्यांना पोचे आले, लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, बियाणं मात्र टिकलं. दरवर्षी वेलावरचा एक चांगला भोपळा त्या हेरायच्या, देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या आणि घरादाराला बजावायच्या की ह्याला हात लावायचा नाही. बाकीच्यांची भाजी व्हायची, चिंधीवाला बियाण्याला राहायचा.

त्या वर्षी चिंधी मला बांधली गेली. मला केवढा मान वाटला म्हणून सांगू! माझे भाऊ एकेक करून हरभऱ्याच्या डाळीत गेले आणि मी वर ऐटीत लोळत राहिलो. पण चिंधी बांधली म्हणजे आपलं काम झालं, असं नर्मदाबाईंना वाटलं. माझी मान पत्रा आणि वासा यांच्या मध्ये अडकली आहे, हे कुणी वर चढून बघितलंच नाही. मी वाढत गेलो, मान वाकत गेली. शेवटी थंडीत वाळून टणक झालो तेव्हा ती कायमची वाकडी होऊन बसली होती. पंखात चोच खुपसून झोपलेल्या बगळ्याची असते ना, अगदी तशी.

मृगाच्या आधी उन्हाळ्यात मला खाली काढलं. बियाण्याचा भोपळा न्हाणीच्या दगडावर आपटून फोडायचा आणि बिया वेचून घ्यायच्या, ही त्या घरची रीत. हे काम नर्मदाबाईंनी मंजुषाला सांगितलं. तिनं मला दोन्ही हातांनी वर उचललं. मी डोळे मिटले. म्हणजे मला डोळे नव्हते अजून, पण असते तर मिटले असते. आणि मग काहीच झालं नाही. तिनं मला खाली ठेवलं, फिरवलं, मान बघितली, पुन्हा फिरवलं आणि स्वतःशीच हसली.

ह्या मंजुषाबद्दल सांगायलाच हवं. ही बाई कशाचाही दिवा करायची. फुटकी चाळणी दिसली की तिचा दिवा. मक्याच्या कणसाची सालं, केळीची सोपटं, तुटलेली टोपली, सगळ्यांच्या आत हिला उजेड दिसायचा. गावातल्या बायका तिला तोंडावर हुशार म्हणायच्या आणि पाठ वळली की येडी म्हणायच्या. नर्मदाबाई तोंडावरच काय ते बोलायच्या. "दिवा म्हंजे समई," त्या म्हणायच्या. "दिवा म्हंजे निरांजन. हे काय करून राहिली तू?"

तर तिनं मला फोडलं नाही. करवतीच्या पात्यानं माझ्या बुडाला हात जाईल एवढं भोक पाडलं आणि पळीच्या दांड्यानं सगळ्या बिया सुपात काढल्या. सगळ्या म्हणजे तिला वाटलं सगळ्या. मानेच्या बाकात काही बिया अडकून बसल्या, तिथवर दांडा पोचलाच नाही. तेव्हापासून मला कुणी हलवलं की मानेत खुळखुळ व्हायचं. तुमच्या बुटात खडा गेला तर तुम्ही शाळेचं पटांगण डोक्यावर घेता. मी वर्षानुवर्षं मानेत बिया घेऊन काढली आहेत.

पुढचे दिवस विचारू नका. तिनं मला पाण्यात भिजवलं, काचेच्या तुकड्यानं खरवडून माझी साल काढली. मग सायकलीच्या चाकाची तार चुलीत तापवायची आणि माझ्या पाठीत खुपसायची, असं सुरू झालं. चर्र आवाज, धूर आणि एक भोक. पुन्हा चर्र. भाकरी टाकता टाकता एक हात तव्याकडं आणि एक हात माझ्याकडं. त्या भोकांची हळूहळू पिसं झाली. केशरबाई म्हणून शेजारीण आहे, तिच्याकडच्या फुटक्या भोपळ्याच्या कवटीतून मंजुषानं दोन पंख कापले आणि सरसानं मला चिकटवले. शेवटी रंग. घरच्या हळदीची पूड घेतली आणि संतरामांच्या तंबाखूच्या डबीतला चुना त्यात कालवला. हळदीत चुना पडला की ती लालभडक होते, घरात आजीला विचारून बघा. त्या लाल रंगानं तिनं माझं एकेक पीस रंगवलं.

आता फक्त वरून जवसाचं तेल चोळायचं राहिलं होतं. तेल चोळलं की रंग पक्का बसतो, मग पाणी लागो की वारं लागो. ते तिला चांगलं ठाऊक होतं. "उद्या चोळते," म्हणाली. मित्रांनो, कारागिराचा उद्या कधी उजाडत नाही. एक वस्तू पूर्ण व्हायच्या आधीच त्याच्या डोक्यात दुसरी शिरते. तेलाची बाटली फळीवर राहिली आणि मी तसाच कोरडा राहिलो.

पण पहिल्यांदा आत बल्ब लागला ना, तेव्हा मी सगळं विसरलो. संध्याकाळ होती. ओसरीच्या भिंतीभर पिसं पसरली. संतरामांनी तोंडातली तंबाखू थुंकून येऊन बघितलं. हरीश म्हणाला, पाखरू हाय व्हय हे. मंजुषा पदरानं डोळे टिपत होती. मला त्या दिवशी कळलं की मी कशासाठी आहे.

आषाढ संपता संपता दिव्याची आवस येते. त्या दिवशी घरातले सगळे दिवे खाली काढतात, राखेनं आणि चिंचेनं घासून लखलखीत करतात, पाटाभोवती रांगोळी घालतात आणि त्यावर सगळ्यांना मांडून हळद-कुंकू वाहतात. गूळ घातलेले कणकेचे दिवे वाफवून नैवेद्याला ठेवतात. वर्षभर दिव्यांनी घराला उजेड दिला, एक दिवस घरानं दिव्यांना मान द्यायचा. मला ही रीत फार आवडली. मनाशी म्हटलं, चला, आता आपली जागा पक्की झाली. मंजुषानं मला पुसून पाटाच्या कडेला ठेवलं.

नर्मदाबाईंनी मला उचललं आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

"आत्याबाई, दिवा हाय तो," मंजुषा म्हणाली.

"तुंबा हाय. तुंबा गोसाव्याच्या झोळीत असतो, संसाराच्या घरात न्हाई. भाजीचा म्हन, बियाण्याचा म्हन, पाटावरचा न्हाई म्हनायचा."

आणि मग मी कोपऱ्यातून काय काय बघितलं! पाटावर समई बसली, ठीक आहे, तिचा मान मोठा. निरांजनं बसली. काच फुटलेला कंदील बसला, ज्यात माझ्या जन्माच्या आधीपासून रॉकेल पडलेलं नव्हतं. रात्री पाणी द्यायला नेतात ती चार्जिंगची बॅटरी बसली. संतरामांनी मोबाइल मधे ठेवला, का तर त्याच्या पाठीत उजेड आहे. हरीशच्या मोटारसायकलला उचलून पाटावर ठेवता येईना, तर नर्मदाबाईंनी अंगणात जाऊन तिच्या पुढच्या दिव्याला कुंकू लावलं. मोटारसायकलला! मला रडावं की ओरडावं ते कळेना. त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं, मित्रांनो. एकदा, फक्त एकदा, मला त्या पाटावर बसायचं होतं.

सासू-सुनेत धुसफूस नको म्हणून हरीशनं मला ढाब्यावर नेलं. माझी नोकरीची वर्षं तिथं गेली. हिंगोलीहून वाशिमकडं जाणारा रस्ता, दिवसभर गाड्या. गल्ल्याच्या वर बाइंडिंगच्या तारेनं मला करकचून टांगलं आणि रोज संध्याकाळी मी इमानानं उजेड दिला. लोक वर बघायचे आणि विचारायचे, हे काय हाय? एका ट्रकवाल्यानं जेवता जेवता विचारलं, "भाई, ये बतख काहे को टांगी है?" हरीशला धड सांगता येईना. तो म्हणाला, घरवालीनं केलं, शोला हाय, म्हणजे नुसतं दिसायला. शोला! मी जळायचो तो शोला. एकानं माझ्या पंखावर हेल्मेट अडकवलं. दुसऱ्यानं शेवभाजीचा हात माझ्या पोटाला पुसला. शनिवारी माझ्या चोचीला लिंबू-मिरची बांधायची पद्धत पडली. फोडणीचा धूर बसून बसून माझी पिसं चिकट काळी झाली. फोटो मात्र पुष्कळांनी काढले. कौतुक करणारे आले, पुसणारा कुणी आला नाही. हा फरक तुम्ही लक्षात ठेवा.

अशाच एका फोटोवरून मंजुषाला हिंगोलीच्या एका महिला मेळाव्याचं बोलावणं आलं. तुमच्या हातच्या वस्तू घेऊन या म्हणाले. तिची तर झोप उडाली. तिनं मला ढाब्यावरून सोडवलं, ओल्या फडक्यानं वरवर पुसलं, नवी वायर घातली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर म्हणाला, भोपळा खाली ठेवा ताई. तिनं ठेवला नाही.

मेळाव्यात काय झालं ते सांगताना अजून माझ्या मानेतल्या बिया वाजल्यासारखं होतं. दाराशी नावं लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, कशाचं केलंय? ही भोळी म्हणाली, भोपळ्याचं. झालं! त्यांनी मला पाककृतीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. एका बाजूला भोपळ्याचे घारगे, दुसऱ्या बाजूला थालीपीठ, मध्ये मी. माझ्यापुढं एक वाटी आणि चमचासुद्धा ठेवला. मंजुषा तिथल्या बायकांना सांगत राहिली की हा दिवा आहे, ह्याला प्लग लागतो, पण भाषणं सुरू होती आणि जो तो तिला थांबा म्हणत होता. परीक्षक आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चमच्याकडं बघितलं, मंजुषाकडं बघितलं.

"दिसायला छान आहे," त्या म्हणाल्या. "पण खायचं कुठून?"

टेबलाभोवती हशा पिकला. मंजुषाही हसली बिचारी. मग तिनं मला पिशवीत घातलं आणि सरळ एसटी स्टँड गाठलं. घरी आल्यावर तिनं तार, पातं, सरस, रंगाची वाटी, सगळं एका पोत्यात भरलं. मला त्याच पोत्यावर, गोठ्यातल्या फळीवर, उलटं टाकलं. त्यानंतर तिनं दिवा केला नाही. चाळणी फुटली की भंगारात जायला लागली. मक्याची सालं गुरांपुढं. चुलीपुढं आता ती नुसतीच भाकरी करायची, आणि मी फळीवरून, मागल्या दारातून बघायचो. माझा संताप होत होता, पण तो कुणावर काढावा? तारेचे चटके खाल्ले मी आणि हार मानली तिनं!

गोठ्यातले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. बुडाचं भोक वर होतं, त्यातून कोळी आत आले. आणि एक दिवस तांबडी कोंबडी फळीवर चढली, तिनं त्या भोकाचा अंदाज घेतला, वर ठाण मांडलं आणि माझ्या पोटात अंडं टाकलं. मी एक शब्द बोललो नाही. बोलणार काय? दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

त्याच सुमाराला नर्मदाबाईंच्या बियाण्यावर संकट आलं. त्या वर्षी वेलावरच्या चिंधीवाल्या भोपळ्याचा वानरांनी फडशा पाडला. बरं, मागच्या बिया बोळक्यात होत्या, तर बोळकं उघडलं तेव्हा त्यांचा नुसता भुगा. किड्यांनी आतून पोखरून टाकल्या होत्या. नर्मदाबाई ते बोळकं मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसल्या त्या दुपारभर बसल्या. हरीश म्हणाला, बाजारातून बियाणं आणू, त्यात काय एवढं. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. माहेरी आता ना माणूस उरला होता ना वेल. माझ्या मानेत ते बियाणं खुळखुळत होतं आणि मला सांगता येत नव्हतं. तोंड नसलेल्याची तकलीफ काय असते, ते त्या दुपारी मला कळलं.

कोंबडीनं मात्र काम केलं. अंडी सापडेनात म्हणून नर्मदाबाई तिच्या मागं मागं फिरल्या आणि फळीपर्यंत आल्या. मला खाली काढलं, आत हात घातला, अंडी काढून ओच्यात घेतली. परत ठेवायला मला उचललं तशा थबकल्या. मला कानाशी नेलं. हलवलं. पुन्हा हलवलं.

"मंजे," त्यांनी हाक मारली, "इकडं ये. ह्याच्यात काय वाजून राहिलं?"

मंजुषा आली. तिनं पोतं उघडून आपली जुनी तार काढली, टोकाला वाकवली आणि माझी मान तिरपी धरून एकेक बी बाहेर ओढली. नर्मदाबाईंनी पदर पसरला होता. पहिली बी पडली तेव्हा त्यांनी ती नखानं टोकरून बघितली. "आपलीच हाय," म्हणाल्या आणि डोळे पुसायला लागल्या. मंजुषानंही मनगटानं डोळे पुसले. कोरडे डोळे फक्त माझे, तेही नसल्यामुळं.

मृग लागताच त्या बिया गोठ्यामागं लावल्या. काही कुजल्या, काहींनी कोंब काढले. नर्मदाबाई सकाळ-संध्याकाळ जाऊन त्या कोंबांपुढं उकिडव्या बसायच्या. आणि मग आषाढ सरता सरता दिव्याची आवस आली.

त्या दिवशी मंजुषा सकाळीच हळदीच्या निंदणीला गेली होती. नर्मदाबाईंनी समई काढली, निरांजनं काढली, मोठं घमेलं घेतलं. मग गोठ्यात आल्या आणि मला फळीवरून उचललं. "तुला पाटावर बसवायचं तर घासल्याबगर कसं बसवू?" असं माझ्याशीच बोलल्या. माझं काळीज, म्हणजे जिथं ते असायला हवं तिथं, लकलकायला लागलं. इतक्या वर्षांनी!

आणि त्यांनी मला पाण्यात बुडवलं. वायरीसकट, बल्बासकट. अहो! विजेच्या दिव्याला पाण्यात बुडवतात का? मित्रांनो, तुम्ही असलं कधी करू नका. पण त्यांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी दिवा म्हणजे घासायचा. पहिल्यांदा राख घेतली. राखेनं ढाब्याची सगळी काजळी सुटली आणि आतून माझा लाल रंग असा काही उजळला की मीच चकित झालो. नर्मदाबाईंनीही तोंडात बोट घातलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर? पण नाही. राखेनंतर चिंच, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. समईला लावतात तशी मूठभर चिंच त्यांनी माझ्या पाठीवर चोळली.

हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे तुम्हाला मी सांगितलंय. त्या लालीवर चिंच पडली की ती पुन्हा पिवळी होते. बघता बघता माझी पिसं पिवळी पडत गेली. पाठ गेली, पोट गेलं, पंख गेले. तेल चोळलेलं असतं तर रंगाला धक्काही लागला नसता. ते तेल अजून फळीवर होतं.

नर्मदाबाईंचे हात थांबले. तेवढ्यात मंजुषा दारात आली, पायाला चिखल, हातात खुरपं.

"बाई बाई," नर्मदाबाई म्हणाल्या, "कुंकू उतरलं की गं ह्याचं. म्या हातानं उतरवलं." सणाच्या दिवशी आपल्या हातून असं झालं, ह्याची त्यांना भीती वाटत होती. आणि सुनेनं जीव लावून केलेली वस्तू आपण बिघडवली, हे पहिल्यांदाच त्यांच्या मनाला लागलं होतं.

मी मंजुषाकडं बघत होतो. आता भडका उडणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तो उडायला हवाच होता. इतक्या वर्षांचं माझं सगळं तिनं एकदाचं बोलून टाकावं! तिनं खुरपं खाली ठेवलं. घमेल्याशी बसली. माझ्या ओल्या पाठीवरून बोट फिरवलं आणि पिवळं झालेलं बोट सासूला दाखवलं.

"हळद लागली ह्याला, आत्याबाई," ती म्हणाली. "बसवा आता पाटावर."

संध्याकाळी मी पाटावर बसलो. समईच्या शेजारी, बॅटरीपेक्षाही मानाच्या जागी. अंगातून पाणी गळत होतं. बल्ब तर गेलाच होता, मंजुषानं वायर ओढून काढून टाकली होती. न पेटणारा दिवा म्हणून मी तिथं अवघडून बसलो होतो. नर्मदाबाईंनी एक कणकेचा दिवा घेतला, तूप घातलं, वात लावली आणि मला उचलून, बुडाचं भोक वातीवर येईल असं, हलकेच त्याच्यावर ठेवलं.

भिंतीवर पिसं उमटली. बल्बाच्या उजेडात ती नुसती उमटायची. ह्या वेळी वात हलत होती, म्हणून ती हलायला लागली. नर्मदाबाई हात जोडायचं विसरून भिंतीकडं बघत बसल्या. माझी मान तेवढ्यात आतून भाजली, तिचा काळा डाग अजून आहे. त्या एका संध्याकाळसाठी मी आणखी भाजून घेतलं असतं.

दुसऱ्याच दिवशी मंजुषानं हत्यारांचं पोतं उघडलं आणि पहिलं काम काय केलं असेल, तर जवसाचं तेल घेऊन माझ्या अंगाला चोळलं. आता! रंग उतरून गेल्यावर! असो. मी पिवळा आहे, चकचकीत आहे, नवी वायर आहे आणि ओसरीवर टांगलेला आहे.

तर मित्रांनो, जाता जाता एवढंच सांगतो. एखादी वस्तू काय आहे हे कळलं नाही, तर ती करणाऱ्याला विचारा, आणि तो सांगत असताना ऐका. काम हाती घेतलं तर शेवटचं तेल चोळल्याशिवाय उठू नका. आवडलेल्या वस्तूचा फोटो काढा, पण आधी ती पुसा. आणि चिंच पितळेलाच लावा. मी हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत. मान वाकवली असती, तर ती आधीच वाकलेली आहे.

आता वेल पुन्हा पत्र्यांवर चढलाय. भोपळे धरलेत. काल केशरबाई भाजीला एखादा मागायला आली. वर बघते तर ह्या वर्षी एकाच भोपळ्याला नव्हे, चांगली तीन-चारांना चिंधी होती. आणि ती जुन्या लुगड्याची नव्हे, नर्मदाबाईंच्या ठेवणीतल्या हिरव्या लुगड्याची. केशरबाई म्हणाली, एवढं बियाणं काहून लागतं तुमाला?

"बियाण्याचा एकच हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "बाकीचे मंजीचे. त्यायला हात लावू नको. दिवे हाईत ते."

मी ओसरीवरून ऐकलं. एरवी अशा वेळी माझ्या मानेतल्या बिया तरी वाजल्या असत्या. पण त्या आता पत्र्यांवर आहेत.